एका गेटाला एकच मदत

आमच्या घरातलं भांडण खरं आहे, हे सरकारला पटवून देताना आमच्या नाकी नऊ आले. बाकीचे लोक घरातलं भांडण शेजाऱ्यांपासून लपवतात. आम्हाला ते पुराव्यानिशी सादर करावं लागलं.

आधी आमची पोल्ट्री कशी आहे ते सांगते. गेट एकच. आत आलं की डाव्या हाताला थोरल्या दिरांचं घर, उजव्या हाताला आमचं, आणि मागे एक लांबलचक शेड, अंड्यांच्या कोंबड्यांची. सासरे थकले तेव्हा त्यांनी शेडच्या मधोमध विटांची भिंत घातली आणि एकेक अर्ध एकेका मुलाला दिलं. पाण्याची टाकी थोरल्यांच्या अर्ध्यात ठेवली आणि भला मोठा पंखा धाकट्याच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या अर्ध्यात. एकाला पाणी मागायला जावं लागेल, दुसऱ्याला वारा मागायला यावं लागेल, म्हणजे दोघं बोलत राहतील, असा त्यांचा विचार. माणूस हुशार होता, पण स्वतःची मुलं त्याला ओळखता आली नाहीत. थोरले म्हणाले, बाबांनी पंखा लाडक्याला दिला. हे म्हणाले, टाकी लाडक्याला दिली. सासरे गेल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ह्यांनी पाणी मागितलं नाही, थोरल्यांनी वारा मागितला नाही. दोन्हीकडच्या कोंबड्या पटापट मेल्या आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद म्हणजे पुरुषांचं. आम्हा दोघी जावांचंही बंदच होतं, पण ते फक्त लोकांदेखत. गेटाशी समोरासमोर आलो की जाऊबाई अशी मान फिरवायच्या की बघणाऱ्याला वाटावं, सात जन्मांचं वैर आहे. मीही काही कमी नव्हते. मी तर वाटेत थुंकूनही दाखवलं एकदा. त्यावर त्या म्हणाल्या, "अगं, एवढं नको, माझ्या चपलेवर उडालं." अर्थात हे त्या नंतर म्हणाल्या, भोकाशी.

ते भोक भिंतीच्या मागच्या कोपऱ्यात होतं. तिथे कोंबड्यांखाली अंथरलेलं, घाण झालेलं तूस साठवतात, त्यामुळे पुरुष नाक धरूनही तिकडे फिरकत नाहीत. सुरुवात एका घुशीनं केली. तिनं दोन विटा सैल केल्या, तिसरी जाऊबाईंनी काढली, चौथी मी. मग आम्हाला हात धुऊन मागे लागायची सवय असल्यामुळे थोड्याच दिवसांत तिथे चांगली खिडकीएवढी वाट झाली. दोन्ही बाजूंनी गोणपाट लटकवलं की काही दिसायचं नाही. त्यातून जाऊबाईंच्या टाकीचा पाइप माझ्या पिंपांत यायचा, आणि मी पंख्याचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं होतं, त्यामुळे वारा त्यांच्याकडे जायचा. शिवाय चहा, भाजी, लसूण, पाठदुखीचं मलम आणि जगाची उणीदुणी, हे दोन्हीकडून.

नवऱ्यांना कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं होतं, पाणी कुठून येतं म्हणून. मी म्हटलं, नळाचं. नळ कुठाय हे त्यांनी विचारलं नाही. ते अंड्यांची गाडी घेऊन सकाळी जायचे ते दुपारनंतर यायचे, आणि कोंबड्या पाणी पितात ही गोष्ट त्यांना ऐकून माहीत होती. थोरल्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्यांचं ठाम मत होतं की त्यांच्या शेडची रचनाच अशी आहे की वारा आपोआप खेळतो. दुसरे पोल्ट्रीवाले ती रचना बघायला यायचे आणि थोरले त्यांना वाऱ्याच्या दिशा समजावून सांगायचे. त्या वेळी मी पलीकडे पंख्याचं बटण एक घर वर सरकवत असे.

मग महामारी आली. 'एकमेकांपासून अंतर ठेवा' असं सरकार रोज सांगायचं. आमच्याकडे ते आधीपासूनच कडक पाळलं जात होतं. पण कुणीतरी उठवलं की रोग अंड्यांतून पसरतो, आणि माल उचलणारा व्यापारी फोन उचलेनासा झाला. रस्ते बंद, खाद्याची गाडी बंद. कोंबड्यांना यातलं काही कळत नव्हतं, त्या रोज अंडी देत राहिल्या. आम्ही ती मागे खड्ड्यात पुरत होतो. जाऊबाईंकडे मका होता, माझ्याकडे कोंडा होता. नुसता मका किंवा नुसता कोंडा कुणाच्याच कामाचा नव्हता. भोकाच्या दोन बाजूंना बसून आम्ही ते मिसळायचो आणि निम्मंनिम्मं वाटून घ्यायचो. त्या काळात आसपासच्या कितीतरी पोल्ट्र्या रिकाम्या झाल्या, आमची दोन्ही अर्धी जगली. ह्यांना वाटलं, ते त्यांच्या धीरामुळे. थोरल्यांना वाटलं, रचनेमुळे.

साथ सरली, लोक ती विसरायलाही लागले, आणि तेव्हा मदत जाहीर झाली. नुकसान झालेल्या प्रत्येक पोल्ट्रीला, गोठ्याला, मळ्याला ठरावीक रक्कम. दोघाही भावांनी अर्ज केला. दोघांचेही अर्ज परत आले. कारण एकच, दुसऱ्या अर्जाची नक्कल.

ह्यांच्याबरोबर मीही कचेरीत गेले होते. रांगेत आमच्या पुढेच थोरले उभे. मधे ह्यांनी एवढी जागा सोडली होती की काचेमागचा कारकून म्हणाला, "आता एवढं अंतर ठेवायची गरज नाही." मग त्यानं दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि सांगितलं, "एका गेटाला एकच मदत."

"आम्ही विभक्त आहोत," थोरले म्हणाले.

"गेट विभक्त आहे का?"

"गेट एक आहे. पण आमचं बोलणं नाही," हे म्हणाले.

"बोलणं नाही, याचा दाखला आहे?"

दाखला नव्हता. कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला नीट समजावून सांगितलं. मदत जाहीर झाल्यापासून म्हणे सगळ्या भागात भांडणाची साथ आली होती. बाप लेकापासून वेगळा होत होता, सासू सुनेपासून. एका मळेवाल्यानं तर बायकोशी फारकत घेऊन गोठा तिच्या नावावर केला होता आणि अर्ज भरायला दोघं एकाच मोटरसायकलवर आली होती. म्हणून सरकारनं आता तपासनीस नेमला होता. तो जागेवर येऊन भांडण खरं आहे की नाही ते बघणार. "तेवढा विभक्त असल्याचा अर्ज करा," कारकून म्हणाला. "दोघांनी मिळून करायचा असतो. एकाच कागदावर दोन सह्या."

अशा रीतीनं सरकारनं दोन भावांना वर्षानुवर्षांनी एका टेबलाशी बसवलं, ते आपण एका टेबलाशी बसत नाही हे लिहून द्यायला. पेन एकच होतं. ते ह्यांच्याकडून थोरल्यांकडे जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

त्या संध्याकाळी थोरले आमच्या घरी आले. आधी उंबऱ्याशी उभे, मग खुर्चीच्या काठावर, मग चांगले टेकून. मी चहा पुढे केला. एक घोट घेऊन ते थांबले. "मी बिनसाखरेचा घेतो हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या चेहऱ्यावरून," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज तालीम सुरू झाली. तपासनिसापुढे भांडायचं तर नीट भांडायला हवं ना. "तू म्हण, तुझं तोंड बघायची इच्छा नाही," थोरले सांगायचे.

"मग तू काय म्हणशील?"

"मी म्हणेन, मलाही नाही."

"दादा, हे फार मिळमिळीत वाटतं."

मग दोघं विचार करायचे, एकमेकांना शिव्या सुचवायचे, आणि हसायचे. हसताना दोघांचाही डावा खांदा वर जातो हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी हे सगळं जाऊबाईंना भोकातून सांगायचे आणि त्या तोंडात कापड कोंबून हसायच्या. मला खरंच बरं वाटत होतं. वाटलं, मदत मिळो न मिळो, हे तरी झालं.

आणि मग थोरल्यांच्या डोक्यात आलं की आपण आधी स्वतःच तपासणी करून बघावी. ते झाले तपासनीस आणि हे झाले मालक. शेडमध्ये येऊन त्यांनी विचारलं, "पाणी कुठून येतं?"

"नळाचं," हे म्हणाले.

"नळ कुठाय?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी कोंबड्यांकडे. पिंपातून निघालेला पाइप दोघंही हातात धरून चालत गेले, तुसाच्या ढिगाला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत. थोरल्यांनी गोणपाट वर केलं. पलीकडे जाऊबाई अंडी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय गं, आज त्या दोघा शहाण्यांना भांडता आलं का?"

मग त्यांनी वर बघितलं, आणि भोकात नवऱ्याचं तोंड दिसलं.

थोरल्यांचे केस पंख्याच्या वाऱ्यानं उडत होते. त्यांनी हात पुढे करून वारा चाचपला. मग मागे वळून पंखा बघितला. ज्या माणसानं अख्ख्या भागाला रचना समजावून सांगितली होती त्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं. आमचे हे हसायला लागले. थोरले चिडतील असं मला वाटलं, पण त्यांचाही खांदा वर गेला. मग आम्ही चौघंही हसलो. तेवढा एक क्षण मला वाटलं की आता ही सगळी भिंतच पाडतील.

"हे तपासनिसानं बघितलं तर मदत गेली," थोरले म्हणाले.

"दोघांचीही गेली," हे म्हणाले.

"अहो, पण पाण्याचं काय?" मी विचारलं. "आणि तिकडे वाऱ्याचं?"

"तपासणी होईपर्यंतच."

"मग उघडाल ना?"

"बघू," हे म्हणाले. ह्यांचं 'बघू' मी लग्नापासून ओळखते.

दुसऱ्याच दिवशी भोक बुजवायला घेतलं. बाह्या वर सारून दोघं भाऊ कामाला लागले. ह्यांनी सिमेंट कालवलं, थोरल्यांनी टाकीतून पाणी आणून दिलं, न मागता. एकानं वीट द्यायची, दुसऱ्यानं लावायची, आणि लहानपणी शाळेची भिंत उडी मारून कशी ओलांडायचो याच्या गप्पा. सासऱ्यांना टाकीनं आणि पंख्यानं जे जमलं नाही ते त्या दिवशी झालं, आणि ते आमच्या भोकावर होत होतं. मी अलीकडे उभी, जाऊबाई पलीकडे. आधी त्यांचे गुडघे दिसेनासे झाले, मग हात. शेवटच्या विटेच्या जागेतून त्या म्हणाल्या, "तूस जरा लवकर बदलत जा गं. तुझ्याकडून कुबट वास येतो."

"हो," मी म्हटलं. मग वीट लागली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ह्यांना वाटलं, डोळ्यांत सिमेंट गेलं. ते म्हणाले, पाणी मार.

त्यानंतर मी रस्त्यावरच्या नळावरून बादल्या आणायला लागले. पलीकडे कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या, ते भिंतीतून ऐकू यायचं. फोन होते की दोघींकडे, असं कुणी म्हणेल. होते. पण फोनवर बोलायला काहीतरी सांगायचं असावं लागतं. भोकाशी आम्ही कितीतरी वेळ काहीच न बोलता बसायचो. फोनवर तसं बसता येत नाही. समोरचा विचारतो, ऐकू येतंय ना.

तपासनीस आला तो ऐन दुपारी. बुटांवर धूळ, खांद्याला पिशवी, आणि चेहऱ्यावर जगाचा वीट. "सकाळपासून भांडणंच बघतोय," तो म्हणाला. त्यानं गेट बघितलं, दोन्ही घरं बघितली, दोन चुली मोजल्या. शेडमध्ये भिंतीवर बोटानं टकटक केलं. "या विटा नव्या दिसतात."

"घूस, साहेब," थोरले म्हणाले.

मग त्यानं दोघा भावांना भिंतीपाशी समोरासमोर उभं केलं. दोघांनी सुरुवात केली. ह्यांनी तोंड बघायची इच्छा नाही म्हटलं. थोरल्यांनी त्यांचं वाक्य म्हटलं. मधे हे एक वाक्य विसरले तर थोरल्यांनी ओठ हलवून आठवण करून दिली. तपासनिसानं पेन मिटलं.

"तुमची जोडी छान जमलीय," तो म्हणाला. "पण खरे भांडणारे दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत नाहीत. हे मी रोज बघतो. एका गेटाला एकच मदत. कुणी घ्यायची ते तुम्ही ठरवा."

दोघांचे चेहरे पडले. तपासनीस जायला निघाला, थोरल्यांच्या अर्ध्यातून. तिथे हवा कोंडलेली. घाम पुसता पुसता तो सहज म्हणाला, "काय उकडतंय हो इथं. तिकडे एवढा मोठा पंखा आहे, तो इकडे का नाही लावत?"

थोरले थांबले. "त्याला विचारा."

"मला काय विचारायचं?" हे म्हणाले. "एकदा मागितला असतास तर दिला असता."

"मी मागायचा? तू धाकटा. तू आणून द्यायचास. माझ्या कोंबड्या मरताना तू तिकडे पंखा लावून बसला होतास."

"आणि माझ्या पाण्यावाचून मेल्या त्या? टाकी भरून वाहत होती तुझी. वाहत होती, मी बघितलंय."

"बाबांनी तुला..."

"बाबांचं नाव घेऊ नकोस. बाबांना शेवटी पाणी मी पाजलं."

"वारा मी घातला. रात्रभर. पुठ्ठ्यानं."

दोघं एकाच वेळी बोलत होते. मी मधे जायला निघाले तर तपासनिसानं हात आडवा केला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. पेन पुन्हा उघडून तो भरभर लिहीत होता. "असं पाहिजे," तो म्हणाला. "पूर्ण विभक्त. माझी खात्री पटली." निघताना त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अचानक फेरतपासणी होते बरं का. हे असंच टिकवा."

टिकवायला काही करावं लागलं नाही. त्या दिवसापासून भावांनी पुन्हा एकमेकांचं तोंड बघितलं नाही. मदत मात्र दोघांनाही एकाच दिवशी, एकसारखी मिळाली. कचेरीतून फोटो काढायला माणूस आला, मदतीचा सदुपयोग कसा झाला ते दाखवायला. सदुपयोग झालाच होता. आमच्या ह्यांनी टाकी घेतली. थोरल्यांनी पंखा घेतला.

म्हणजे महामारीत आमचं जे काही नुकसान झालं होतं ते भरून काढायला सरकारनं आम्हाला तेच दिलं जे भिंतीच्या पलीकडे होतं. मी ह्यांना हे बोलून दाखवलं. हे म्हणाले, "आता कुणाचं मिंधं राहायला नको." टाकी निळी होती, चकचकीत, आणि त्यांनी तिच्यावर मोठ्या अक्षरांत आपलं आडनाव घातलं होतं. तिकडच्या पंख्यावरही तेच आडनाव होतं.

भोक उघडायचा विषय मी दोनदा काढला. "कशाला हवंय आता?" हे म्हणाले. पाणी होतं, वारा होता. जाऊबाई हव्यात असं नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणणार, गेटाशी दिसतात की रोज. दिसायच्या. मान फिरवायच्या. फक्त आता ते खोटं आहे हे एकमेकींना सांगायला जागा उरली नव्हती, आणि मला भीती वाटायला लागली होती की थोड्या दिवसांनी ते खरंच होईल.

त्या नव्या पंख्याची घरघर भिंतीतून दिवसभर ऐकू यायची. एका दुपारी, हे गाडी घेऊन गेलेले असताना, मला ती सहन होईना. मी कोपऱ्यातली पहार उचलली. काय करणार होते ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात घरघर थांबली.

"ऐकतेस का गं?" पलीकडून आवाज आला. विटांमधून यायला तो चांगलाच वर चढवावा लागला होता. "आमचा नवा पंखा बंद पडला."

"असा कसा?"

"कुणास ठाऊक. तारच तुटली. आता वाऱ्याचं काय करायचं, मला तर बाई काळजीच लागली." त्या आवाजात काळजीचा मागमूस नव्हता.

"आमचीही टाकी गळायला लागलीय," मी ओरडून सांगितलं.

"कधीपासून?"

"आत्ताच."

मग मी बाहेर गेले आणि पहारीचं टोक त्या निळ्या टाकीत, आडनावाच्या जरा खाली, नेम धरून घातलं. पाणी भळाभळा वाहायला लागल्यावर तीच पहार घेऊन आत आले. कोपऱ्यात तुसाच्या ढिगामागे भिंतीवर पलीकडून घाव पडत होते, आणि माझ्या बाजूचं नवं सिमेंट आधीच भुरभुरायला लागलं होतं.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, टाकीला काय झालं. मी म्हटलं, घूस. टाकी उंच चौथऱ्यावर आहे, तिथे घूस कशी चढली, हे त्यांनी विचारलं नाही.